कैगात काही झालं, तर काणकोणात आपल्याला कळणार कसं?

तळपणकाठ
मंडळी, एक प्रश्न कधीपासून डोक्यात घोळतोय. २०२५ च्या ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, तेव्हा मी कामानिमित्त पणजीत होतो. चारच्या सुमारास भोंगा वाजला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला विचारलं, "हो कसलो भोंगो?" दोन पोरांनी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. एक आजोबा आभाळाकडे बघत राहिले. आडोशाला जायचं, तिथेच थांबायचं की घर गाठायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. रात्री काणकोणात, चावडी गावातल्या घरी पोचलो, जेवताना सगळं सांगितलं. आई ताटातला भात कालवता कालवता थांबली आणि म्हणाली, "आणि कैगात काही झालं तर? तो भोंगा आम्हांला इथे ऐकू येईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या चावडीहून कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र हवेतून मोजलं तर चाळीसेक किलोमीटर. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालू आहेत, ७०० मेगावॉटच्या आणखी दोन येऊ घातल्या आहेत. प्रकल्प हवा की नको हा वाद इथे नको, तो वेगळ्या धाग्यावर होऊ दे. मला एवढंच विचारायचं आहे: मधे राज्याची हद्द आहे, भाषा वेगळी, जिल्हाधिकारी वेगळे. खबर आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने येणार, आणि आली तर आपण करायचं काय?

माजाळी_नाका
भोंग्याचा आवाज चार-पाच किलोमीटर गेला तरी खूप झालं. मधे घाटाचे डोंगर आहेत. तुमच्या आईंना तो ऐकू येणार नाही, हे आत्ताच सांगून टाका.

सुरंगी
मुळात एवढं घाबरायचं कारण काय? कैगाची पहिली अणुभट्टी सलग ९६२ दिवस न थांबता चालली. २०१८ च्या ३१ डिसेंबरला थांबवली, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. असे धागे काढले की लोक उगाच धसका घेतात.

टोरांटोवासी
सुरंगीताई, तो विक्रम पुढे आमच्या इथल्या डार्लिंग्टनच्या अणुभट्टीने मोडला, ११०६ दिवस. दोन्ही जड पाण्याच्या, एकाच घराण्यातल्या. पण इतकी चांगली चालणारी केंद्रं असूनही इथे दर घराला सूचना दिलेल्या असतात. त्याबद्दल रात्री सविस्तर लिहिते, आत्ता कामावर आहे.

निवृत्त_शिफ्ट
तळपणकाठ बाब, प्रश्न अगदी रास्त आहे. मी एका अणुवीज केंद्रात (कैगा नव्हे) ३१ वर्षं शिफ्ट केली. आता पेडण्यात बागायत बघतो. मला माहीत आहे ते सांगतो.

आपल्याकडे आणीबाणीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली, केंद्राच्या इमारतीपुरती. दुसरी, कुंपणाच्या आतल्या सगळ्या आवारापुरती. तिसरी, कुंपणाबाहेर परिणाम होऊ शकतो अशी. पहिल्या दोन केंद्राचे लोक सांभाळतात. तिसरीत सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती जातात. म्हणजे कैगाच्या बाबतीत उत्तर कन्नडचे जिल्हाधिकारी, कारवारात बसणारे. किती किरणोत्सार बाहेर आला, वारा कुठे आहे हे केंद्र त्यांना कळवतं. लोकांना घरात बसवायचं, हलवायचं की गोळ्या वाटायच्या, तो हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा. मुंबईला अणुऊर्जा विभागाचा एक आपत्कालीन गट आहे, १९८७ पासून, तो चोवीस तास संपर्कात असतो.

आराखड्याचं वर्तुळ असतं १६ किलोमीटरचं. त्यातल्या प्रत्येक गावाची यादी, लोकसंख्या, रस्ते, निवाऱ्याच्या शाळा सगळं कागदावर तयार असतं. केंद्राबाहेरच्या आणीबाणीची तालीम दर दोन वर्षांनी होते. मी अशा पाच-सहा तालमींत होतो. एक गाव निवडतात, जीप ध्वनिक्षेपक लावून फिरते, लोक बसमध्ये बसतात, शाळेत उतरले की आम्ही मीटर घेऊन डोक्यापासून चपलेपर्यंत तपासायचो. एकदा एका आजींनी मला दारातच अडवलं होतं. म्हणाल्या, "आधी म्हशीचं सांग. तिला बसमध्ये घेणार का?" आमच्या कागदावर माणसं होती, म्हैस नव्हती. आजी शेवटपर्यंत बसमध्ये चढल्या नाहीत. पुढच्या वेळी आम्ही गुरांसाठी वेगळी नोंद केली.

आता तुमचं उत्तर. काणकोण १६ किलोमीटरच्या बाहेर आहे. म्हणून तुमच्याकडे तालीम होत नाही, पत्रक येत नाही, भोंगाही नाही.

माजाळी_नाका
हेच म्हणतो मी. वारा काय हद्दीवरच्या पोळेंच्या नाक्यावर थांबून परमिट दाखवणार आहे?

दर्यादेगेर
वाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, आमचा धंदा त्याच्यावर आहे. पावसाळ्यात वारा दर्यावरून घाटाकडे. तेव्हा कैगाचं काही आलं तर ते आत, घाटावर जाणार. हिवाळ्यात उलट. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे सुटतो, त्याच वाऱ्यावर आम्ही होड्या काढतो. डिसेंबरच्या पहाटे काही घडलं, तर कारवार-काणकोणच्या बाजूने येणं शक्य आहे. त्यामुळे किती किलोमीटर हे जितकं महत्त्वाचं, तितकंच महिना कुठला आणि वाजले किती. आणि दर्यात असलेल्यांना कोण सांगणार, हाही एक प्रश्न आहेच.

अबोली_फोंडा
दर्यादेगेर म्हणतात तेच फुकुशिमात घडलं. २०११ मध्ये नामिए गावचे लोक केंद्रापासून लांब म्हणून वायव्येकडच्या त्सुशिमा भागात जाऊन राहिले, आणि किरणोत्साराचा ढग नेमका तिकडेच गेला. ढग कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी संगणकप्रणाली सरकारकडे होती. ती माहिती वेळेवर त्या लोकांपर्यंत गेलीच नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. यंत्र होतं, आकडे होते, आणि मुलं अंगणात खेळत होती.

सुरंगी
मी घाबरू नका म्हटलं, माहिती नको असं नाही म्हटलं. पण भीतीनेही माणसं मरतात हे लक्षात घ्या. त्याच फुकुशिमात घाईघाईने हलवताना दवाखान्यातले म्हातारे रुग्ण वाटेत आणि निवाऱ्यात दगावले. अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या अपघातात १९७९ मध्ये पाच मैलांतल्या गरोदर बायका आणि लहान मुलांनी निघावं असं सांगितलं, तर सुमारे १ लाख ४० हजार माणसं घर सोडून निघाली. काणकोणात असं झालं तर करमल घाटाच्या एका रस्त्यावर काय होईल, डोळ्यांसमोर आणा.

निवृत्त_शिफ्ट
सुरंगीबाय बरोबर बोलतात. म्हणूनच पहिला उपाय बहुतेक वेळा पळणं नसतोच. घरात जा, दारं-खिडक्या लावा, पंखे आणि एसी बंद करा, बाहेरून आलात तर कपडे दाराबाहेर काढून आंघोळ करा, उघड्यावरचं पाणी आणि भाजी वापरू नका, पुढची सूचना ऐका. ढग पुढे सरकेपर्यंतचे काही तास असे काढले तरी डोस बराच कमी होतो.

पैंगीणकार
आमची घरं नळ्यांची, म्हणजे कौलारू. खिडक्या लावल्या तरी वासे आणि भिंतीमधल्या फटीतून चांदणं आत येतं. त्याचं काय?

निवृत्त_शिफ्ट
माजघरात बसायचं. मातीच्या जाड भिंतींनी बाहेरचा मारा कमी होतो. फटींत ओली फडकी कोंबायची. पत्र्याच्या शेडपेक्षा तुमचं जुनं घर कितीतरी बरं.

टोरांटोवासी
सकाळी अर्धवट सोडलं होतं. मी मूळची मडगावची, बारा वर्षं इथे आहे. २०२० च्या १२ जानेवारीला, रविवारी, सकाळी सात तेवीसला घरातले तिन्ही फोन एकदम किंचाळले. पिकरिंग अणुकेंद्रात घटना घडली आहे, किरणोत्सार बाहेर पडलेला नाही, दहा किलोमीटरच्या आत असाल तरी आत्ता काही करण्याची गरज नाही, असा मजकूर. नवरा म्हणाला, काही करायचं नाही तर उठवलं कशाला? मी धाकटीला पांघरुणासकट उचललं आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. ओट्यावर रात्री भिजत घातलेले चवळीचे दाणे होते, ते मी चाळणीत ओतले आणि उगाच धूत बसले.

चूक झाली होती. पाळी बदलताना कर्मचारी यंत्रणा तपासत होता. सरावाच्या प्रणालीत आहोत असं समजून त्याने खऱ्या प्रणालीतून संदेश सोडला. पण 'चुकून गेला' हा दुसरा संदेश फोनवर यायला १०८ मिनिटं लागली. तेवढा वेळ अख्खा प्रांत अधांतरी. पुढच्या दोन दिवसांत आयोडीनच्या गोळ्यांसाठी ३२ हजारांवर मागण्या गेल्या. एरवी महिन्याला शे-दोनशे.

मला त्या चुकीचा राग नाही. राग त्या १०८ मिनिटांचा आहे. धोक्याचा संदेश पाठवायला एक माणूस पुरला आणि तो मागे घ्यायला कुणाची परवानगी लागते हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं. आपल्याकडे यंत्रणा उभारताना ही गोष्ट पहिल्या पानावर लिहायला हवी.

कोटीगाव_रान
फोन, फोन काय करता? आमच्या वाड्यावर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं. गावडोंगरीच्या आतल्या वाड्यांवर तीच गत. आणि नकाशा बघा, गोव्यातलं कैगाला सगळ्यात जवळचं रान ते आमचंच.

पदर_खोचून
आमच्या वाड्यावर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पाच मिनिटांत घराघरातून माणसं पिशव्या घेऊन दारात. यंत्रणा असावी तर अशी!

अबोली_फोंडा
पदर_खोचून, तुम्ही गमतीत लिहिलंत, पण मला त्यातच उत्तर दिसतंय. पोदेराचा भोंपू कळतो कारण तो रोज वाजतो आणि त्याचा अर्थ एकच असतो. फ्रान्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी भोंगे वाजवून बघतात. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभर. तिथल्या पोराला विचारलंत तरी सांगेल की बुधवार नसताना वाजला तर तो खरा. पणजीतल्या त्या भोंग्याला लोकांनी मोबाईल काढले, कारण त्यांच्या आयुष्यात तो पहिल्यांदा वाजत होता. मी शाळेत शिकवते. तालमीच्या दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात विचारलं, वरखाली होणारा भोंगा म्हणजे काय आणि सलग एकसुरात वाजणारा म्हणजे काय? चाळीसातल्या एकीने हात वर केला. वरखाली म्हणजे धोका, एकसूर म्हणजे धोका टळला. तिचे वडील नौदलाच्या तळावर काम करतात.

वास्कोकर
भोंगा, फोन दोन्ही नसले तर काय होतं ते आम्ही पाहिलंय. २०१८ च्या जानेवारीत वास्कोजवळच्या चिखलीला महामार्गावर अमोनियाचा टँकर उलटला. पहाटेचे तीन वाजायचे होते. आम्हांला कुणी उठवलं? शेजारच्या घरातल्या पोराने. तो दारं बडवत धावत होता आणि ओरडत होता, "धांवात, भायर सरात!" पळा, बाहेर पडा. पण कशापासून ते कुणाला कळेना, वास आला तेव्हा कळलं. आम्ही ओला पंचा नाकाला लावून डोंगराच्या बाजूला चढलो. पण वारा कुठून कुठे आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं, सगळे दिसेल तिकडे. माझी सासू दम्याची. तिला मी पाठीवर घेतलं. आज ती नाही, पण त्या रात्रीचा तिचा श्वास माझ्या कानात आहे.

अणुकेंद्राला निदान १६ किलोमीटरचा आराखडा आहे. आमच्या रस्त्यावरून दिवसभर काय काय वाहून नेतात, त्याचं वर्तुळ कुणी आखलंय?

तळपणकाठ
वास्कोकर बाब, वाचून गप्प झालो.

आमच्याकडेही तसंच. २ ऑक्टोबर २००९. सकाळपासून पाऊस कोसळत होता, पण सुट्टीचा दिवस, कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी डोंगर खचले आणि पाणी एकदम आलं. चार रस्ता, भाटपाल, सगळं पाण्याखाली. वरच्या वाड्यावरच्या लोकांनी पाणी आधी पाहिलं होतं. त्यांनी आम्हांला कसं सांगायचं? ओरडून आवाज पोचत नव्हता. आमच्या दुकानातल्या पाटावर पाणी चढलं तेव्हा वडील हिशेबाची वही घेऊन माळ्यावर गेले, आणि मी त्यांच्या मागे. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती वडिलांनी रंगवू दिली नाही. अजून आहे, माझ्या छातीएवढी.

माजाळी_नाका
कद्रा धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा काळी नदीकाठच्या लोकांना आधी सावध करतात. आमच्याकडच्या माणसाला ते ठाऊक आहे. पाणी वाढलं की गुरं सोडायची, भांडी माळ्यावर. सवयीने हात चालतात.

जीवनरेखा
आयोडीनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे. अपघातात बाहेर पडणाऱ्या पदार्थांत किरणोत्सारी आयोडीन असतं. ते गळ्यातल्या कंठग्रंथीत (थायरॉईडमध्ये) साठतं, लहान मुलांत जास्त. आधीच साधं आयोडीन देऊन ग्रंथी भरून ठेवली तर ते आत शिरत नाही. बस, इतकंच काम. बाकी कुठल्याही किरणोत्सारापासून ती गोळी वाचवत नाही. वेळही महत्त्वाची, ढग यायच्या थोडं आधी किंवा नंतर काही तासांच्या आत. आणि सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. मिठातलं आयोडीन पुरत नाही, म्हणून मीठ फाकू नका. जखमेवर लावायचं आयोडीन तर चुकूनही पिऊ नका.

चेर्नोबिलनंतर मुलांना कंठग्रंथीचे कर्करोग झाले ते मुख्यतः दुधातून. गवतावर पडलं, गाईने खाल्लं, दुधात उतरलं. हे आयोडीन आठ दिवसांनी निम्मं होतं. म्हणजे काही आठवडे ताजं दूध टाळलं असतं आणि वेळेवर सांगितलं असतं, तर कितीतरी मुलं वाचली असती. शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं करायलासुद्धा ३६ तास लागले. अपघात २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, बसगाड्या निघाल्या २७ च्या दुपारी. मधल्या शनिवारी मुलं शाळेत होती.

पैंगीणकार
जीवनरेखाताई, मग आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या आहेत का?

जीवनरेखा
स्वित्झर्लंडमध्ये केंद्रापासून ५० किलोमीटरपर्यंत घरोघरी वाटून ठेवल्यात. त्या मापाने काणकोण आत येतं. तुमच्या केंद्रात आहेत का, हे तुम्हीच वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज देऊन विचारा. उत्तर लेखी मागा.

निवृत्त_शिफ्ट
फोनच्या सूचनेबद्दल एक खुलासा. २०२३ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात चाचणीचे संदेश आले होते, फोन कर्कश वाजले होते, आठवत असेल. तो साधा एसएमएस नव्हता. एसएमएस एकेका नंबरला जातो, गर्दीत अडकतो. हा संदेश मोबाईलच्या मनोऱ्यावरून आकाशवाणीसारखा सोडतात. त्या मनोऱ्याच्या टप्प्यात असलेला प्रत्येक फोन तो एकाच वेळी उचलतो, नंबर कुणाचाही असो. म्हणून यात राज्याची हद्द आड येत नाही. ठरवलं तर काणकोणचे मनोरे निवडून मराठी-कोंकणीत संदेश देता येतो. यंत्र तयार आहे. कारवारच्या कार्यालयातून आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे फोन कुणी करायचा आणि किती मिनिटांत, हे कागदावर हवं.

माजाळी_नाका
पोळेंला उभं राहिलं तर फोन कधी कारवारचा मनोरा पकडतो, कधी गोव्याचा. दोन्हीकडून दोन वेगळे निरोप आले तर?

निवृत्त_शिफ्ट
तेच तर. निरोप एकच असला पाहिजे.

ऐकू_न_येणारा_बाप
माझे वडील पूर्ण बहिरे आहेत. दिवसा घरी एकटे. फोन उशाशी ठेवतात पण कंप कळत नाही. मी फोन आला की दिवा लुकलुकेल असं साधन बसवलंय, आणि शेजारच्या काकींना सांगून ठेवलंय, काहीही झालं तर दार ठोठावू नका, सरळ आत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावा. भोंगा असो, फोन असो, असा माणूस प्रत्येक वाड्यावर एक तरी असतो. यादी पंचायतीत असायला हवी.

कोटीगाव_रान
आमच्याकडे मांड आहे, गाव जमण्याची जागा. गावचा निरोप असला की मांडावरून माणूस निघतो आणि घरोघर सांगतो. पूर्वजांपासून चालत आलंय. खालच्या पंचायतीपर्यंत निरोप आला तर पुढचं आम्ही करू. जीप आमच्या वाटेवर चढणार नाही, माणूस चढेल.

अबोली_फोंडा
आणि इगर्जेची (चर्चची) घांट, देवळाची घंटा. अवेळी वाजली तर सगळ्या गावाला कळतं की काही झालं.

सुरंगी
तळपणकाठ, मी सुरुवातीला रागाने लिहिलं होतं. आता वाटतं, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझा भाऊ कैगातच कामाला आहे, म्हणून पहिल्याच प्रश्नाला अंगावर आल्यासारखं झालं. त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, इथल्या पोरांनासुद्धा कुठे जायचं ते पाठ आहे. तुम्हां काणकोणवाल्यांना कुणी सांगितलं नाही, यात आमच्याही घरची माणसं आली."

तळपणकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला वाचून दाखवलं. म्हशीची गोष्ट तिला फार आवडली, दोनदा वाचायला लावली.

या रविवारी ग्रामसभा आहे. तीन प्रश्न लिहून सचिवांकडे दिले, पोच घेतली. एक, कारवारहून आपल्या जिल्हा प्रशासनाला खबर देण्याची लेखी पद्धत आहे का, असेल तर ग्रामस्थांना वाचायला मिळावी. दोन, आरोग्य केंद्रात आयोडीनच्या गोळ्या आहेत का, किती, आणि मुदत कधीपर्यंत. तीन, वाडानिहाय यादी: कुणाला ऐकू येत नाही, कोण अंथरुणाला खिळलंय, कुठल्या वाड्यावर रेंज नाही, आणि तिथे निरोप घेऊन कोण चालत जाणार. कोटीगाव_रान, तुमच्या पंचायतीतही हेच द्या. मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

पैंगीणकार
पैंगिणीतही देतो. मसुदा मलाही पाठवा.

पदर_खोचून
आत्ता फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. आपत्कालीन सूचनांचा पर्याय बंद होता. चालू केला. सासूबाईंच्या फोनमध्येही बंदच निघाला, तोही केला. दीर उद्या फोंड्याहून येतायत, त्यांचा उद्या बघते.